जरा दम धरा: पोटावरची कातडी बघून आतली गाठ कशी गाठतात?

(एपिसोडचं लिखित रूप. प्रत्येक भागाच्या आधी एपिसोडमधली वेळ दिली आहे. वाचायचा कंटाळा आला तर थेट त्या मिनिटावर जाऊन ऐका.)

००:०० — प्रश्न कुठून आला

कोराडीहून मी पुन्हा एकदा तुमच्या कानात. इअरफोन लावलेत ना? चला मग.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे ठरला. खापरखेड्याहून एका श्रोतीनं पाठवला. ती म्हणते, “दादा, बाबांच्या लिव्हरमध्ये गाठ आहे. डॉक्टरांनी पाच वेळा रेडिएशन घ्यायला सांगितलंय. मशीनवर झोपून दम रोखून धरायचा म्हणे, आणि छतावरचे कॅमेरे पोटाकडे बघत राहणार. पण गाठ तर आत आहे ना? वरून कॅमेऱ्याला काय दिसणार?”

प्रश्न ऐकला आणि मी आधी हसलो, मग गप्प झालो. कारण सगळा विषय तिनं एका वाक्यात पकडलाय. कॅमेऱ्याला कातडी दिसते, गाठ दिसत नाही. मग त्या कातडीवर भरवसा ठेवून एवढा मोठा डोस द्यायचा कसा?

एक गोष्ट आधीच सांगतो. मी बीटेक, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. डॉक्टर नाही. आज आपण फक्त समजून घेणार आहोत. कुणाला कुठली ट्रीटमेंट द्यायची हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

०१:५० — गाठ एका जागी बसत नाही

रेडिएशन थेरपीला आपल्याकडे अजूनही लोक ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाइट’ म्हणतात. शेक म्हटलं की वाटतं, गरम पाण्याच्या पिशवीसारखं काहीतरी वरून ठेवतात. तसं काही नसतं. लिनिअर ॲक्सिलरेटर, म्हणजे सगळे ज्याला ‘लिनॅक’ म्हणतात ते मशीन, उच्च ऊर्जेचे एक्स-रे तयार करतं आणि वेगवेगळ्या कोनांतून गाठीवर सोडतं. प्रत्येक कोनातून थोडं थोडं. सगळे किरण जिथे एकमेकांना भेटतात तिथे डोस जास्त होतो आणि आजूबाजूला कमी राहतो.

आता हे सगळं गणित गाठ एका जागी आहे असं धरून केलेलं असतं. मेंदूत ते बऱ्यापैकी खरं आहे. डोकं मास्कमध्ये घट्ट धरलं की आतलं फारसं हलत नाही. पण पोट?

आत्ता एक हात बरगड्यांच्या खाली, उजव्या बाजूला ठेवा. त्याच्या आत लिव्हर आहे. लिव्हरच्या वर डायफ्रॅम, म्हणजे श्वासपटल. श्वास घेतला की श्वासपटल खाली सरकतं आणि लिव्हरला खाली ढकलतं. सोडला की वर येतं. साध्या शांत श्वासात हा प्रवास साधारण एक ते दोन सेंटिमीटरचा असतो, काही जणांत त्याहून जास्त. स्वादुपिंड, किडनी, जठर, सगळे या झोक्यावर बसलेले. मिनिटाला बारा ते वीस झोके, दिवसरात्र.

म्हणजे वर-खाली जाणाऱ्या पाळण्यातल्या लिंबावर नेम धरायचा आहे. आणि लिंबाच्या शेजारी काचेची भांडी ठेवली आहेत. ही भांडी म्हणजे ड्युओडेनम, जठर, आतडी. त्यांना जास्त डोस लागला तर अल्सर होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित भोकही पडू शकतं.

०४:२० — पाच मिलिमीटरचा हिशोब

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीचंच आहे.

समजा गाठ गोल आहे, व्यास ४ सेंटिमीटर. तिचं घनफळ होतं साधारण ३३ घन सेंटिमीटर. आता ‘गाठ थोडी इकडेतिकडे झाली तर?’ म्हणून सगळ्या बाजूंनी ५ मिलिमीटरची सुरक्षित कडा धरली. व्यास झाला ५ सेंटिमीटर, घनफळ ६५. म्हणजे जवळजवळ दुप्पट! कडा १० मिलिमीटर केली तर घनफळ ११३ वर जातं, साडेतीन पटीच्या आसपास.

गाठ तेवढीच आहे. वाढलं ते सगळं तिच्या आजूबाजूचं, बहुतेक चांगलं लिव्हर, आणि गाठ कडेला असेल तर आतड्याचा तुकडाही.

ज्यांना जुन्या पद्धतीनं रोज थोडा थोडा डोस पाच-सहा आठवडे देतात, त्यांच्यात चांगल्या पेशींना मधल्या वेळात स्वतःला दुरुस्त करायला संधी मिळते. पण या श्रोतीच्या बाबांना सांगितलेली पाच वेळांची ट्रीटमेंट बहुधा एसबीआरटी म्हणतात ती असणार. तिच्यात तीन ते पाच बैठकांत मोठमोठे डोस देतात. डोस मोठा म्हणजे चुकायची जागा कमी. म्हणूनच अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेनं २००६ मध्ये श्वासाच्या हालचालीवर जो अहवाल काढला, त्यात एक साधा आकडा दिला: गाठ ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल, तर ती हालचाल आवरण्याचा विचार करा.

पाच मिलिमीटर. तुमच्या फोनच्या जाडीपेक्षाही कमी.

०७:०० — श्वास आवरायचे चार रस्ते

पहिला रस्ता: आवरूच नका, मोजा. श्वास चालू असतानाच ‘फोर-डी सीटी’ काढतात, म्हणजे श्वासाच्या प्रत्येक टप्प्यातलं चित्र. मग गाठ जिथून जिथपर्यंत फिरते तो सगळा पट्टा टार्गेटमध्ये घेतात. सोपं आहे, पण पट्टा मोठा होतो. वरचं गणित आठवा.

दुसरा: पोट दाबा. पोटावर एक पट्टा किंवा चकती हलकेच दाबून बसवतात, म्हणजे खोल श्वास घेताच येत नाही. हालचाल कमी होते, शून्य होत नाही.

तिसरा: गेटिंग. श्वास चालू ठेवायचा, पण श्वास ठरावीक टप्प्यात आला की तेवढ्यापुरताच बीम चालू. पुढे गेला की बंद. जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी याचे प्रयोग सुरू झाले होते.

चौथा, आपला आजचा: दम धरा. पेशंटनं श्वास थांबवायचा, पंधरा-वीस सेकंद. तेवढ्या वेळात बीम. मग श्वास सोडा, दोन-चार श्वास आराम करा, पुन्हा धरा. एका बैठकीत असं अनेकदा.

यातही दोन प्रकार आहेत. खोल श्वास आत घेऊन धरायचा, किंवा श्वास शांतपणे सोडून झाल्यावर थांबायचं. डाव्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये पहिला प्रकार खूप वापरतात, कारण फुप्फुस फुगलं की हृदय छातीच्या भिंतीपासून लांब जातं. पोटाच्या गाठींसाठी मात्र बऱ्याच ठिकाणी दुसरा प्रकार पसंत करतात. तुम्हीच करून बघा. ‘खोल श्वास घ्या’ म्हटलं की दर वेळी थोडा कमी-जास्त घेतला जातो. पण आरामात श्वास सोडून दिला की श्वासपटल आपोआप जवळजवळ त्याच जागी येऊन विसावतं. ती जागा पुन्हा पुन्हा सापडते. तोटा एकच: रिकाम्या छातीनं थांबणं कठीण, वेळ कमी मिळतो.

१०:१५ — छतावरचे डोळे

बरं, पेशंटनं दम धरलाय हे मशीनला कळणार कसं? आणि कालच्याइतकाच धरलाय हे?

जुना एक उपाय म्हणजे पोटावर एक छोटा प्लास्टिकचा ठोकळा ठेवायचा. त्यावर चमकणारे ठिपके, समोर इन्फ्रारेड कॅमेरा. ठोकळा वर-खाली होतो, पडद्यावर लाट दिसते. दुसरा उपाय म्हणजे तोंडात नळी, नाकाला चिमटा आणि फुप्फुसात किती हवा गेली ते मोजणारं यंत्र. ठरलेल्या पातळीला झडप बंद. अचूक, पण काही पेशंटना घुसमटल्यासारखं वाटतं.

आणि तिसरा उपाय म्हणजे तो व्हॉइस नोटमधला: सरफेस ट्रॅकिंग. तुमच्यापैकी ज्यांच्या फोनमध्ये चेहरा दाखवून लॉक उघडतो, त्यांना हे लगेच कळेल. २०१७ च्या आयफोन टेनमध्ये ॲपलनं चेहऱ्यावर तीस हजारांहून जास्त अदृश्य इन्फ्रारेड ठिपके टाकायची सोय केली. ठिपके नाकावर वेगळे पडतात, गालावर वेगळे, आणि त्यावरून चेहऱ्याचा उंच-सखल नकाशा बनतो.

ट्रीटमेंट रूममध्ये तत्त्व तेच. छताला साधारण तीन युनिट लावलेली असतात. ती अंगावर प्रकाशाचा नक्षीदार पॅटर्न टाकतात, कॅमेरे तो वेगवेगळ्या कोनांतून बघतात आणि सॉफ्टवेअर पोट-छातीचा त्रिमितीय पृष्ठभाग तयार करतं. हे सेकंदाला अनेक वेळा. मग हा आत्ताचा पृष्ठभाग आधी साठवलेल्या पृष्ठभागावर बसवून बघायचा. किती सरकला? वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, डोक्याकडे-पायाकडे, आणि तीन दिशांनी किती वळला? सहा आकडे. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसासाठी हे ‘दोन पॉइंट क्लाउड जुळवा’ एवढंच काम. फरक इतकाच की चुकलं तर बग रिपोर्ट येत नाही.

या आकड्यांना मर्यादा ठरवून दिलेली असते, समजा ३ मिलिमीटर. पृष्ठभाग मर्यादेत आला की बीम चालू. पेशंटला खोकला आला, दम सुटला, पृष्ठभाग मर्यादेबाहेर गेला की बीम आपोआप बंद. कोराडीवाल्यांना समजावायची गरज नाही. युनिट ‘ट्रिप’ होतं म्हणजे काय, हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं. हा बीमचा ट्रिप.

आता हे किती लवकर व्हायला पाहिजे? गुणवत्ता तपासणीच्या नियमांत १०० मिलिसेकंदांचा आकडा येतो. का ते बघा. श्वास घेताना लिव्हर दीड-दोन सेकंदांत दोन सेंटिमीटर सरकलं असं धरा. वेग झाला सेकंदाला साधारण १० ते १३ मिलिमीटर. १०० मिलिसेकंद उशीर म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास चूक. अर्धा सेकंद उशीर झाला तर पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे सगळी कमाई गेली. लॅग फक्त गेममध्येच त्रास देतो असं नाही, मंडळी.

१४:४० — कातडी खरं बोलते का?

आता मूळ प्रश्नावर येऊ.

कोराडीला ६६० मेगावॅटची तीन युनिट्स आहेत. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे मारतं. त्याच्या बेअरिंगच्या घरावर बाहेरून कंपन मोजणारे सेन्सर असतात. पण आतला शाफ्ट नेमका किती हलतोय हे कळायला शाफ्टच्या अगदी जवळ वेगळे प्रोब बसवतात. का? कारण बाहेरचं घर आणि आतला शाफ्ट एकसारखे हलतीलच असं नाही. बाहेरचं मोजमाप हे आतल्या गोष्टीचं प्रतिनिधी असतं. प्रतिनिधी चांगला असू शकतो, पण मतदार नसतो.

पोटाची कातडी हीसुद्धा प्रतिनिधीच. स्तनाच्या कॅन्सरमध्ये टार्गेट कातडीच्या लगेच खाली असतं, त्यामुळे कातडी जे सांगते ते बऱ्यापैकी खरं. तिथेच हे कॅमेरे आधी जास्त रुजले. लिव्हर आणि स्वादुपिंड मात्र खोल आहेत. तोच कॅमेरा, तेच सॉफ्टवेअर, तेवढीच अचूकता. फक्त कातडी आणि गाठ यांच्यातलं नातं सैल झालं.

ते सैल कशामुळे होतं?

एक: श्वास घ्यायची पद्धत. कुणी छातीनं घेतं, कुणी पोटानं. एकच माणूस घाबरला की छातीनं घ्यायला लागतो, रमला की पोटानं. पोट तेवढंच फुगलेलं दिसलं तरी श्वासपटल वेगळ्या उंचीवर असू शकतं.

दोन: दम धरलेला असतानाची घसरण. बाहेरून पोट दगडासारखं स्थिर. पण आत श्वासपटलाचा स्नायू हळूहळू सैल पडतो आणि पंधरा-वीस सेकंदांत लिव्हर काही मिलिमीटर सरकू शकतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सरळ रेषा, आत संथ प्रवास.

तीन: पोटातला ऐवज. सकाळी काय खाल्लं, जठर भरलंय की रिकामं, आतड्यात गॅस किती. गॅसचा एक फुगा स्वादुपिंडाच्या शेजारी आला तर ते बाजूला सरकतं. कातडीला त्याचा पत्ताही लागत नाही.

चार: जोर लावणं. काही जण दम धरताना बैठक मारल्यासारखं पोट आवळतात, कुंथतात. पृष्ठभाग जागच्या जागी, आत दाब वाढलेला.

यावर आणखी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या अडचणी. मशीनचा मोठा हात पेशंटभोवती फिरताना एखाद्या कॅमेऱ्यासमोर येतो आणि तेवढा वेळ एक डोळा झाकला जातो. गडद त्वचा प्रकाश जास्त शोषते, त्यामुळे कॅमेऱ्याचं एक्सपोजर प्रत्येक पेशंटप्रमाणे नीट लावावं लागतं. आपल्या देशात हा मुद्दा कोपऱ्यात टाकण्यासारखा नाही. आणि कपडा! कॅमेऱ्याला कातडी दिसायला पाहिजे. चादर किंवा गाऊनची चुणी आली की सॉफ्टवेअर चुणीलाच पोट समजतं. आपल्याकडच्या आया-मावश्यांना पोट उघडं ठेवून झोपणं अवघड जातं. पदर पुन्हा पुन्हा ओढला जातो. पदर का सरकवायचा हे टेक्नॉलॉजिस्टनं आधी नीट सांगितलं, तर संकोचही कमी होतो आणि मोजमापही सुधारतं.

१९:३० — मग भरवसा कशाचा?

उत्तर असं आहे: कॅमेरा एकट्यानं निकाल देत नाही. त्याला राखणदार समजा.

रोज ट्रीटमेंटच्या आधी, टेबलावर झोपलेलं असतानाच, लिनॅकवरच्या एक्स-रे यंत्रानं आतलं चित्र काढतात. त्याला कोन-बीम सीटी म्हणतात. पोटाच्या केसमध्ये हे चित्रही दम धरूनच काढायचं. मशीनला एक फेरी मारायला साधारण मिनिट लागतो आणि मिनिटभर कुणी दम धरत नाही, म्हणून तुकड्या-तुकड्यात काढतात. त्यात लिव्हर किंवा श्वासपटलाची कड प्लॅनशी जुळवतात. जुळली की ठरतं: आज, या दमाच्या वेळी, गाठ इथे आहे. आणि त्या क्षणाचा पृष्ठभाग कॅमेरा लक्षात ठेवतो.

नीट बघा, काम कसं वाटून दिलंय. ‘गाठ कुठे आहे?’ हा प्रश्न आतलं चित्र सोडवतं. ‘चित्र काढल्यापासून काही बदललं का?’ हा प्रश्न कॅमेरा सोडवतो, क्षणोक्षणी, आणि जादा रेडिएशन न देता. सतत एक्स-रे काढत बसलं तर त्याचाही डोस लागतो. कॅमेऱ्याच्या साध्या प्रकाशाचा लागत नाही.

काही ठिकाणी आणखी एक पायरी असते. गाठीजवळ सोन्याचे तांदळाएवढे छोटे दाणे आधीच बसवतात. एक्स-रेमध्ये सोनं ठळक दिसतं. ट्रीटमेंट चालू असताना मधूनमधून एक फोटो काढला की दाणे जागेवर आहेत का ते कळतं. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठातल्या टीमनं १९९० च्या दशकाच्या शेवटी अशा सोन्याच्या खुणांचा चालू ट्रीटमेंटमध्ये माग काढून दाखवला होता. लिव्हरच्या ज्या पेशंटना आधी टेस नावाची प्रक्रिया झालेली असते, त्यांच्या गाठीत लिपिओडॉल हे तेलकट औषध साचून राहिलेलं असू शकतं. तेही एक्स-रेमध्ये दिसतं, मग तीच आयती खूण. आणि जगात काही ठिकाणी एमआर-लिनॅक आहेत, जिथे बीम चालू असताना एमआरआयमध्ये खुद्द गाठच दिसते. तिथे प्रतिनिधीची गरजच उरत नाही. पण त्या मशीनची किंमत आणि संख्या बघता बहुतेक पेशंटसाठी कातडी, कॅमेरा आणि रोजचं चित्र हीच टीम आहे.

२०२२ मध्ये त्याच अमेरिकन संघटनेनं सरफेस ट्रॅकिंगवर स्वतंत्र अहवाल काढला. म्हणजे हे कॅमेरे आता प्रयोग उरले नाहीत, नेहमीच्या कामाचा भाग झालेत. त्यामुळे त्यांच्या मर्यादा माहीत असणंही नेहमीच्या कामाचाच भाग झाला.

२३:१० — आपल्याकडची मशीन

तुम्ही विचाराल, हे सगळीकडे का नाही?

एक कारण मशीनच्या पोटात आहे. आपल्या देशात कितीतरी वर्षं कोबाल्टच्या मशीननं काम भागवलं. भाभा अणुसंशोधन केंद्रानं स्वतःचं कोबाल्ट मशीन बनवलं, भाभाट्रॉन. त्याचं पहिलं युनिट २००५ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच केंद्रात, बसलं. स्वस्त, मजबूत, वीज कमी खाणारं. पण कोबाल्ट हा किरणोत्सारी धातू. तो सतत किरण सोडतच असतो, त्याला स्विच नाही. ‘बंद’ करायचं म्हणजे त्याला उचलून जाड कवचात परत न्यायचं, आणि त्याला वेळ लागतो. दर दमाला असं करत बसणं अवघड. लिनॅकमध्ये वीज तोडली की किरण संपले, मिलिसेकंदांत. म्हणून श्वासाशी ताल धरायचं काम लिनॅकच करू जाणे.

लिनॅक बहुतेक परदेशातून येतात. पण आपल्या विदर्भाची एक गोष्ट अभिमानानं सांगतो. मुंबईच्या ‘समीर’ या सरकारी संस्थेनं बनवलेला देशी लिनॅक सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलात बसवला गेला. गांधीजींच्या आश्रमाच्या गावात!

दुसऱ्या टोकाला प्रोटॉन आहे. ॲक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन थेरपी सुरू झाली. प्रोटॉन शरीरात ठरावीक खोलीवर जाऊन थांबतो, पलीकडे जात नाही. ऐकायला भारी. पण तो कुठे थांबणार हे वाटेत काय आहे यावर ठरतं. वाटेत मांसाऐवजी गॅसचा फुगा आला तर प्रोटॉन पुढे निघून जातो. म्हणजे मशीन जितकं अचूक, तितका श्वासाचा आणि पोटाचा हिशोब काटेकोर. महाग मशीन आलं म्हणून दम धरायची कटकट संपत नाही.

२६:०० — कुंभक, शंभर वर्षांपूर्वी

श्वास घेऊन थांबणं म्हणजे अंतर्कुंभक, सोडून थांबणं म्हणजे बाह्यकुंभक. हे शब्द आपल्या आजोबांनाही माहीत होते. पण ‘त्या वेळी पोटात नेमकं काय होतं ते मोजा’ म्हणणारे फार थोडे. त्यांतले एक स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती बदलतो, आतड्यांतला ऐवज कुठे सरकतो, हे त्यांनी दाब मोजून आणि एक्स-रे काढून तपासलं. १९२० च्या दशकात! वरून पोट दिसतंय, आत काय चाललंय ते वेगळं तपासा, हा विचार आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे.

आता कुणी म्हणेल, बाबा रोज प्राणायाम करतात, मग त्यांना हे सोपं. मदत होईल, नक्की. पण एक लक्षात ठेवा. इथे जास्त खोल, जास्त वेळ असं काही जिंकायचं नसतं. टेबलावर सगळ्यात चांगला दम तो, जो कालच्यासारखाच आहे. मनानं पोट आत ओढणं, बंध लावणं, जोर करणं, काही नको. सांगितलंय तेवढंच, तसंच.

बऱ्याच ठिकाणी पेशंटच्या डोळ्यांसमोर छोटा पडदा किंवा चष्मा देतात. त्यावर स्वतःच्या श्वासाची पट्टी वर-खाली होताना दिसते आणि एक हिरवा चौकोन. पट्टी चौकोनात आणायची आणि तिथेच ठेवायची. अगदी मोबाईल गेम. ज्यांना पडद्याचा गोंधळ होतो त्यांच्यासाठी माईकवरून सूचना. इथे भाषा फार महत्त्वाची. ‘होल्ड युअर ब्रेथ’ ऐकून आपला माणूस आधी विचार करतो, मग श्वास. ‘श्वास सोडा… थांबा… आता घ्या’ ऐकलं की शरीर आधी करतं.

२९:२० — आणि बाबांना दम धरताच आला नाही तर?

व्हॉइस नोटच्या शेवटी तिनं हळूच विचारलं होतं, “बाबा दहा सेकंदांतच खोकतात. मग त्यांना ट्रीटमेंट मिळणार नाही का?”

मिळू शकते. दम धरणं हा चार रस्त्यांपैकी एक आहे, परीक्षा नाही. म्हणून तर प्लॅनिंगच्या सीटीच्या दिवशी आधी तालीम घेतात: किती सेकंद जमतं, दर वेळी सारखं जमतं का. नाही जमलं तर पोट दाबायचा पट्टा आहे, गेटिंग आहे, हालचालीचा पट्टा मोजून द्यायची पद्धत आहे. टार्गेट थोडं मोठं होईल, कदाचित डोस किंवा बैठका बदलतील. त्या देवाणघेवाणीचा निर्णय डॉक्टर आणि फिजिसिस्ट मिळून घेतात. जमत नसताना जमतंय असं दाखवणं मात्र वाईट. टेबलावर दम सुटतोय असं वाटलं तर सुटू द्या. मशीन थांबेल. खोलीत कॅमेरा असतो, माईक असतो, हात वर करायची खूण ठरलेली असते. थांबल्यानं काही बिघडत नाही, पुन्हा सुरू करता येतं.

३१:०० — डॉक्टरांना हे विचारा

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. माझी गाठ श्वासाबरोबर किती हलते? किती मिलिमीटर?
२. ती हालचाल तुम्ही कशी आवरणार? दम धरून, पोट दाबून, की दुसऱ्या पद्धतीनं?
३. श्वास घेऊन थांबायचं की सोडून? घरी किती वेळा, किती सेकंद सराव करू?
४. रोज बीमच्या आधी आतलं चित्र काढणार का? तेही दम धरूनच?
५. ट्रीटमेंटच्या आधी किती तास उपाशी राहायचं? रोज तीच वेळ पाळायची का? गॅससाठी काही औषध?
६. सूचना मराठीत किंवा हिंदीत मिळतील का?
७. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं, आणि काय खिशातून भरायचं?

घरी सराव करणार असाल तर डॉक्टरांनी सांगितलं तसाच करा. फोनवर स्टॉपवॉच लावा, पोटावर हलका हात ठेवा, आणि रोज तेवढ्याच आरामात थांबा. रेकॉर्ड मोडायचा नाहीये. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना त्रास असेल तर सरावाच्या आधीच विचारून घ्या.

३२:४० — जाता जाता

आपल्या मराठीत घाई करणाऱ्याला ‘जरा दम धर’ म्हणतात. या मशीनसमोर ते शब्दशः खरं आहे, आणि ते सगळ्यांनाच लागू आहे. पेशंटनं पंधरा सेकंद दम धरायचा. टेक्नॉलॉजिस्टनं पडद्यावरची रेषा सरळ दिसली तरी चित्र बघेपर्यंत दम धरायचा. आणि बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांनी, ‘एवढा वेळ का लागतोय’ म्हणून जीव टांगणीला लागला तरी, दम धरायचा. आत वेळ लागतोय म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी नीट तपासतंय.

खापरखेड्याच्या ताईला: बाबांना आमच्या सगळ्यांकडून शुभेच्छा. पुढचा व्हॉइस नोट पाठव, वाट बघतोय.

बाकी मंडळी, एपिसोड आवडला तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. कुणाच्या तरी काकांना, मामांना लागेल. प्रश्न असतील तर आवाजात पाठवा, टाइप करायचा कंटाळा मलाही आहे. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर श्वास घेत राहा!